स्कॅनला तुकड्याची साक्ष हवी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, कॅन्सरवर आता पूर्वीसारखं दबक्या आवाजात बोललं जात नाही, ही चांगली गोष्ट आहे. ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्याख्यानांत हा विषय येतो, आरोग्य तपासणीच्या पॅकेजात पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी असते, आणि पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुलं वडिलांचा रिपोर्ट मोबाइलवर मागवून घेतात. पण ऊतींचं त्रिमितीय सूक्ष्मचित्रण (काढलेला तुकडा न कापता मायक्रोस्कोपखाली आरपार पाहणं) आणि एमआरआयसारखे स्कॅन एकमेकांशी जोडण्याचं जे काम जगात चाललंय, त्याचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, आता स्कॅन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता मिळून सगळं सांगणार, सुई टोचायची गरजच उरणार नाही. दुसरा म्हणतो, आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात युरॉलॉजिस्ट मिळत नाही, तिथं तुमच्या अमेरिकेतल्या सिएटलच्या मायक्रोस्कोपचं काय लोणचं घालायचंय? दोघंही तावातावानं बोलतात आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

माझं मत आधीच सांगते. स्कॅन आणि सुईनं काढलेला ऊतींचा तुकडा (बायॉप्सी) यांची सांगड नसणं ही प्रोस्टेट कॅन्सरच्या निदानातली फार जुनी उणीव आहे, आणि त्रिमितीय सूक्ष्मचित्रणामुळे ती भरून काढायची पहिली खरी संधी आली आहे. त्यासाठी सीमाभागानं आज यंत्र विकत घ्यावं असं मी म्हणत नाही. आपल्या रुग्णांचे ब्लॉक (मेणात बसवून जपलेले तुकडे), स्कॅनच्या मूळ फाइली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांतल्या त्यांच्या नोंदी एकमेकांना जोडून जपायला आजपासून लागावं, असं म्हणते. ते केलं नाही तर उद्या हे तंत्र स्वस्त होऊन दारात आलं तरी आपल्या माणसांच्या आजाराची त्याला ओळख नसेल.

उणीव कुठं आहे ते नीट पाहिलं पाहिजे, कारण भांडण करणाऱ्या दोन्ही तटांना ती माहीत नसते. लघवी अडते, पीएसए वाढलेला निघतो, डॉक्टर म्हणतात, "तुकडा काढून तपासू." नेहमीच्या पद्धतीत सोनोग्राफीच्या आधारानं गुदमार्गातून बारा ठिकाणी सुई मारतात. प्रत्येक सुईतून जेमतेम एक मिलिमीटर जाड आणि दीड-दोन सेंटिमीटर लांब असा ऊतींचा धागा निघतो. चाळीस मिलिलिटरच्या प्रोस्टेटमधून असे बारा धागे काढले तरी ग्रंथीचा अर्धा टक्काही बाहेर येत नाही. पुढचं काम माझ्या टेबलावरचं; मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत सेक्शन कापते. फॉर्मॅलिनमधून आलेला धागा मेणात बसवून ब्लॉक करायचा, तो बर्फावर गार करायचा आणि मायक्रोटोमचं चाक फिरवत चार-पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप काढायचे. काप एकाला एक चिकटून फीत तयार होते. ती कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या जातात, मग तिच्यातला चांगला भाग स्लाइडवर उचलून घ्यायचा. धागा मेणात तिरका बसला असेल तर तो पूर्ण उघडा पडेपर्यंत वरचे काप काढून टाकावे लागतात, आणि ते कचऱ्यात जातात. दोन-तीन पातळ्यांवरचे काप रंगवून पॅथॉलॉजिस्टकडे जातात. हिशेब मांडला तर त्या धाग्यातलाही एक-दोन टक्के भागच माणसाच्या नजरेखालून जातो. अर्ध्या टक्क्यातला एक-दोन टक्के. एवढ्यावर शस्त्रक्रिया करायची, किरणोपचार द्यायचे की नुसती देखरेख ठेवायची हे ठरतं. यात कोणाची हयगय नाही. काचेवर ठेवून खालून प्रकाश सोडायचा तर काप पातळ लागतोच, आणि सगळा धागा कापून पाहायला कोणाकडेच माणसं नाहीत.

एमआरआयचं उलट आहे. तो अख्खी ग्रंथी पाहतो, पण दुरून. त्याच्या चित्रातला एक ठिपका साधारण अर्धा मिलिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाड असतो, म्हणजे त्या एका ठिपक्यात लाखो पेशींची सरासरी असते. पाण्याचे रेणू ऊतींत किती मोकळे हलतात हे डिफ्युजनच्या चित्रात मोजतात. ग्रंथींच्या आतल्या पोकळ्या भरून पेशींची दाटी झाली की ही हालचाल अडते आणि चित्रात काळा डाग उमटतो. रेडिऑलॉजिस्ट त्याला पाय-रॅड्सच्या मापात एक ते पाच असे गुण देतात. डागाचा शब्दशः अर्थ एवढाच, की इथं पाण्याची हालचाल अडली आहे. ती कशानं अडली हे डाग सांगत नाही.

गावनकाशा आणि बांधावरची मोजणी यांचं नातं आपल्या भागात शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. नकाशात आख्खं शिवार दिसतं, पण दोन भावांच्या बांधाचा वाद जाग्यावर जाऊन मोजल्याशिवाय मिटत नाही, आणि ते मोजमाप नकाशावर नेमक्या जागी बसवलं नाही तर त्याचा उपयोगही होत नाही. प्रोस्टेटच्या निदानात आपण इतकी वर्षं नकाशा एका कचेरीत आणि मोजणी दुसऱ्या कचेरीत ठेवली. ती जोडायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. पण तीन मिलिमीटर जाडीच्या स्कॅनच्या पट्ट्यात पाच मायक्रॉनचे सहाशे काप मावतात, आणि त्यातल्या एकाच कापाला पूर्ण पट्ट्याबद्दल बोलायला लावलं जात होतं. शिवाय शस्त्रक्रियेनं बाहेर काढलेली प्रोस्टेट शरीरातल्यासारखी राहत नाही. रक्त निघून जातं, आकार बसतो, फॉर्मॅलिनमध्ये ती आकसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या संशोधकांनी यावर एक सुंदर उपाय काढला. रुग्णाच्या एमआरआयवरूनच त्याच्या प्रोस्टेटच्या मापाचा साचा थ्रीडी प्रिंटरवर छापायचा, काढलेली ग्रंथी त्या साच्यात बसवायची आणि साच्यातल्या खाचांतून सुरी घालून स्कॅनच्या पातळीतच तिचे काप करायचे. दिशा जुळली, जाडीचा प्रश्न मात्र राहिला.

तो आता सुटू लागला आहे. ऊती पारदर्शक करण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी. जर्मनीत श्पाल्टेहोल्ट्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तेलात मुरवून अवयव आरपार दिसतील असे केले होते. प्रकाशाच्या पातळ पडद्यानं एकेक थर उजळून पाहायची आधुनिक पद्धत २००४ च्या सुमारास रुळली. या दोन गोष्टी एकत्र आणून सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जोनाथन लियू यांच्या प्रयोगशाळेनं २०१७ मध्ये वैद्यकीय नमुन्यांसाठी असा मायक्रोस्कोप दाखवला. बायॉप्सीचा धागा चमकणाऱ्या रंगांत बुडवायचा, दालचिनीच्या तेलातही सापडणाऱ्या एथिल सिनॅमेटमध्ये मुरवून पारदर्शक करायचा आणि न कापता आरपार पाहायचा. माझ्यासारखीला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती पुढची: काम झाल्यावर तोच धागा परत मेणात बसवून नेहमीचे सेक्शन कापता येतात. काहीही वाया जात नाही. धाग्याची सगळी जाडी हाताशी आली, की त्यात ग्रंथी किती, पोकळी किती, मधली संयोजी ऊती किती हे घनफळात मोजता येतं, आणि ते माप थेट एमआरआयच्या ठिपक्याशी ताडून पाहता येतं. ठिपका काळा का पडला, याला आता उत्तर मिळू शकतं.

आणि फरक नुसता अचूकतेचा नाही. कॅन्सरच्या ग्रंथींचा आकार बघून ग्लीसनचे गुण देतात. सुट्या, नीट घडलेल्या ग्रंथी असतील तर तीन. एकमेकींत मिसळलेल्या, अर्धवट घडलेल्या असतील तर चार. दोन मुख्य आकारांच्या गुणांची बेरीज मांडतात. तीन अधिक तीन असेल तर बहुतेकदा देखरेख पुरते, चार दिसला की उपचाराची भाषा सुरू होते. पण चांगली घडलेली ग्रंथी तिरकी कापली गेली तर काचेवर ती अर्धवट घडलेलीच दिसते. दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्ट एकाच स्लाइडवर वेगळे गुण देतात, त्यातलं एक कारण हे. त्रिमितीत पाहिलं की तो तुटका तुकडा शेजारच्या नळीलाच जोडलेला आहे, हे कळतं. माणूस तोच, धागा तोच, फक्त कापाचा कोन बदलला म्हणून त्याच्या पुढच्या दहा वर्षांचं चित्र बदलावं का?

आता पहिल्या तटाकडे वळते. स्कॅन इतका सुधारला आहे की सुईची गरज नाही, हे म्हणणं पोकळ नाही. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या प्रॉमिस चाचणीत ५७६ पुरुषांवर एमआरआय आणि नेहमीची बायॉप्सी दोन्ही केल्या. घातक कॅन्सर पकडण्यात एमआरआय ९३ टक्के यशस्वी ठरला, नेहमीची बायॉप्सी फक्त ४८ टक्के. पुढच्याच वर्षी प्रिसिजन चाचणीत ५०० पुरुषांचे दोन गट केले. आधी एमआरआय करून त्यानं दाखवलेल्या जागी सुई मारायची, त्या गटात ३८ टक्क्यांत घातक कॅन्सर सापडला. नेहमीच्या पद्धतीत २६ टक्क्यांत. आणि निरुपद्रवी कॅन्सर उगाच उकरून काढण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. सुई लावली की गाठ पसरते, ही भीती आपल्या गावांत घर करून आहे. ती निराधार असली तरी तिच्यापायी माणसं तपासणी टाळतात. अशांपैकी काहींना एमआरआय बघून सुईशिवाय घरी पाठवता आलं तर कोणाला नको आहे?

पण प्रॉमिस चाचणीत एमआरआयला ९३ टक्के गुण कोणाच्या साक्षीवर मिळाले? प्रत्येक पुरुषाच्या प्रोस्टेटमध्ये पाच-पाच मिलिमीटरवर सुया मारून तुकडे काढले होते, आणि त्या तुकड्यांवर एमआरआयची परीक्षा झाली. स्कॅनची पत तुकड्यानं दिलेली आहे. त्याच चाचणीत एमआरआयची दुसरी बाजूही दिसली. ज्यांना घातक कॅन्सर नव्हता, त्यांच्यातल्या ४१ टक्क्यांनाच तो बरोबर ओळखू शकला. बाकीच्यांच्या चित्रात डाग होता आणि डागाखाली घातक असं काही नव्हतं. आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे क्षय. क्षयामुळे किंवा इतर कारणांनी प्रोस्टेटला ग्रॅन्युलोमाची, म्हणजे बारीक गाठींची, सूज आली तर एमआरआयवर ती हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते, पाचपैकी पाच गुण पडण्याइतकी. ज्या देशांत क्षय जवळपास हद्दपार झाला, तिथल्या चित्रांवर शिकलेला संगणक खानापूरच्या माणसाच्या प्रोस्टेटमधला जुना क्षय ओळखेल, अशी खात्री कोण देणार?

साक्षीशिवाय आकड्यावर विश्वास टाकला की काय होतं, हे प्रोस्टेटच्याच इतिहासात लिहिलेलं आहे. पीएसएला अमेरिकेत १९८६ मध्ये मान्यता मिळाली ती उपचार चालू असलेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. १९९४ मध्ये निदानासाठीही मिळाली, आणि रक्तातला एक आकडा बघून लाखो पुरुषांना सुया लागल्या, ऑपरेशनं झाली. २०१२ मध्ये तिथल्या प्रतिबंधक सेवा कृती दलानं सरसकट पीएसए चाळणी करू नका असं सांगितलं. २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं इतपत सैल केलं. ब्रिटनच्या प्रोटेक्ट चाचणीत १६४३ पुरुषांना देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत वाटलं होतं. पंधरा वर्षांनी प्रोस्टेट कॅन्सरनं दगावलेले तिन्ही गट मिळून ४५, म्हणजे तीन टक्क्यांहून कमी, आणि गटांमध्ये म्हणण्याजोगा फरक नाही. आजार पसरण्याचं प्रमाण देखरेखीच्या गटात जास्त होतं, हेही खरं. म्हणजे बहुतेकांना ऑपरेशनची गरज नव्हती आणि थोड्यांना नक्की होती. त्यांना वेगळं काढायचं कसं, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याला एकटा पीएसए, एकटा स्कॅन किंवा एकटी स्लाइड यांपैकी कोणीही पुरं पडत नाही. लघवीवरचा ताबा गेलेली, घराबाहेर पडायला संकोचणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही.

दुसऱ्या तटाशी माझं भांडण अवघड आहे, कारण त्यांची वेदना खरी आहे. आपल्याकडे अनेक रुग्ण येतात तेच आजार हाडांत पोचल्यावर. कंबर दुखते म्हणून आधी मलम, मग मालिश, मग गावातल्या डॉक्टरांची इंजेक्शनं, आणि पाय जड पडायला लागले की बेळगाव. अशा माणसाला त्रिमितीय सूक्ष्मचित्रणाचा काडीचाही उपयोग नाही, हे मी मान्य करते. त्याला पीएसए, हाडांचा स्कॅन आणि पुरुषी संप्रेरक रोखणारे उपचार हवेत. चार्ल्स हगिन्स यांनी त्यांचा पाया १९४१ मध्येच घातला होता आणि ते आजही गरीब रुग्णाला परवडतील असे करता येतात. तालुक्याच्या ठिकाणी साठी ओलांडलेल्या माणसाच्या कंबरदुखीकडे शंकेनं पाहणारा डॉक्टर, हीच त्याची पहिली गरज. पैशाचंही खरं आहे. एका धाग्याचं त्रिमितीय चित्र कित्येक गिगाबाइट जागा खातं, ते साठवायला आणि वाचायला माणसं लागतात. आणि पुराव्याचं तर सर्वांत खरं. सिएटलच्या गटानं २०२२ मध्ये ग्रंथींच्या त्रिमितीय आकारावरून आजार परत उलटण्याचा धोका सपाट कापांपेक्षा चांगला ओळखता येतो असं दाखवलं, पण त्यात रुग्ण होते ५०. २०२४ मध्ये हार्वर्डच्या फैजल महमूद यांच्या गटानं संगणकाला पूर्ण घनफळ वाचायला शिकवलं, तिथंही निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. मात्र या तंत्रानं माणसं जास्त जगतात असं सिद्ध करणारी मोठी चाचणी अजून झालेली नाही. म्हणून आज कोणी बेळगावात सरकारी पैशानं असा मायक्रोस्कोप घ्या म्हणालं, तर मीही विरोध करीन.

पण 'आधी मूलभूत, मग प्रगत' हे वाक्य इथं चुकीच्या जागी वापरलं जातंय. एक तर उशिरा येणारे आणि लवकर सापडणारे हे दोन वेगळे गट आहेत, आणि दुसरा वाढतो आहे. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाचा अंदाज आहे की जगात २०२० मध्ये प्रोस्टेट कॅन्सरचे वर्षाला १४ लाख नवे रुग्ण होते ते २०४० मध्ये २९ लाख होतील. माणसं जास्त जगू लागली की हा आजार वाढणारच. आपल्याकडे पॅकेजमधून वाढलेला पीएसए घेऊन येणाऱ्या पासष्टीच्या माणसाला उशिराच्या रुग्णाइतकीच चुकीच्या निर्णयाची भीती आहे, फक्त उलट्या बाजूनं. त्याला नको असलेलं ऑपरेशन होईल, आणि त्यासाठी कुटुंब शेत गहाण टाकेल. त्याला वाचवणं मूलभूत नाही का?

दुसरं म्हणजे, त्या ५० रुग्णांच्या अभ्यासाचा कच्चा माल कुठून आला ते पाहा. तो जपून ठेवलेल्या मेणाच्या ब्लॉकांमधून आला. वर्षानुवर्षांपूर्वी कोणीतरी ते ब्लॉक क्रमांक टाकून कपाटात ठेवले होते आणि त्या रुग्णांचं पुढे पाच वर्षांत काय झालं याची नोंद होती. नवीन यंत्रानं जुन्या ब्लॉकला प्रश्न विचारला आणि उत्तर ताडून पाहायला नोंदवही तयार होती. डोनाल्ड ग्लीसन यांची गोष्टही हीच. मिनिआपोलिसच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातल्या या पॅथॉलॉजिस्टनं १९६६ मध्ये मांडलेली पद्धत साठ वर्षं टिकली. त्यांचा मायक्रोस्कोप इतरांसारखाच होता. फरक एवढाच की त्यांनी ग्रंथींचे आकार हातानं रेखाटून त्यांचे गट केले, आणि त्यांच्याकडे त्या माणसांचं पुढे काय झालं याची वर्षानुवर्षांची नोंद होती. सैनिकांच्या रुग्णालयांनी त्या नोंदी ठेवल्या तेव्हा त्यांतून जगभर वापरलं जाणारं माप निघेल हे कोणाला ठाऊक होतं?

आपल्या भागाला असं काम परकं नाही. टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो आज लोकांना फिरायला जायची जागा म्हणून माहीत आहे, पण ब्रिटिश काळात तिथं देवीची लस तयार होत असे. त्या काळातही बेळगावात साधे दवाखाने पुरेसे नव्हते, पटकी होती, प्लेग होता. आधी सगळे दवाखाने उभे राहू देत, मग लस बनवू, असं कोणी म्हणालं असतं तर? देवी देशातून गेली ती १९७५ मध्ये, दवाखान्यांचा प्रश्न आजही बाकी आहे. दोन्ही कामं बरोबरीनं चालवावी लागतात.

तरीही आपली अडचण इतरांपेक्षा वेगळी आहे. सीमाभागातल्या रुग्णाची फाइल जितकी फाटते तितकी क्वचितच कुठं फाटत असेल. एमआरआय बेळगावात होतो. बायॉप्सीला माणूस मिरजेला किंवा कोल्हापूरला जातो, कारण तिथं पाहुणे आहेत आणि बोलणं मराठीत होतं. ऑपरेशन हुबळीत, बेंगळुरात किंवा टाटाला. एमआरआयची फिल्म पिशवीतून फिरते, पण मूळ डिजिटल फाइल ज्या सेंटरनं काढली तिथंच राहते आणि काही काळानं पुसली जाते. ब्लॉक तिसऱ्याच गावच्या कपाटात असतो. स्कॅनमध्ये डाग डावीकडे मागच्या बाजूला आणि सुई मारणाऱ्याच्या हातात तो स्कॅनच नाही, असं होतं. मला स्वतःला सर्वांत सलतं ते बाटलीचं. बारा ठिकाणचे बारा तुकडे एकाच बाटलीत घालून वर नुसतं 'प्रोस्टेट बायॉप्सी' लिहून पाठवतात. बाटली उघडली की धागे एकमेकांत गुंतलेले, काही तुटलेले. कॅन्सर सापडतो, पण तो कुठल्या जागेचा हे जगातला कोणताही मायक्रोस्कोप सांगू शकत नाही. तिथंच स्कॅनशी असलेला धागा कायमचा तुटतो, आणि तो वाचवायला बारा छोट्या बाटल्या आणि बारा चिठ्ठ्या लागल्या असत्या.

म्हणून माझी मागणी छोटी आणि नेमकी आहे. सुई कुठल्या जागी मारली ते प्रत्येक बाटलीवर लिहा, एमआरआयच्या डागावर मारलेली सुई वेगळी ठेवा. एमआरआयच्या फिल्मसोबत मूळ फाइल रुग्णाला सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर द्या, आणि रुग्णांनीही ती मागून घ्या. ब्लॉकचा क्रमांक रिपोर्टवर ठळक छापा. रेडिऑलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी आठवड्यातून एकदा एका टेबलाशी बसून डाग आणि स्लाइड समोरासमोर ठेवा. मोठ्या केंद्रांत अशा बैठका होतात. जिल्ह्याच्या ठिकाणी दोघांचे दवाखाने एकाच रस्त्यावर असूनही वर्षानुवर्षं फक्त रिपोर्टच एकमेकांना भेटतात. जानेवारी २०२५ मध्ये बेळगावात केएलईचं कॅन्सर हॉस्पिटल सुरू झालं. त्यामुळे निदान एका छताखाली ही जोडणी घडायला आता जागा आहे. टाटा मेमोरिअलच्या पुढाकारानं २०१२ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली केंद्रं आहेत, आणि टाटानं डोकं-मान व फुप्फुसाच्या कॅन्सरपासून सुरुवात करून स्कॅन आणि पॅथॉलॉजीची चित्रं एकत्र ठेवणारी बँकही उभारायला घेतली आहे. प्रोस्टेटची पाळी येईल तेव्हा आपल्याकडे द्यायला काय असेल?

यावर आपल्याकडचा हमखास आक्षेप म्हणजे राज्य कोणतं. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं तेव्हा कर्नाटकानं हरकत घेतली, आणि गावागावांत कार्डावरून चर्चा झाली. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे, तो तिथं सुटायचा तेव्हा सुटेल, आणि त्यात माझी बाजू कोणती हे इथल्या मराठी माणसाला सांगायला नको. पण कुठल्या योजनेतून बिल भरायचं हा वाद नोंदी जोडण्याच्या आड येत नाही. मिरजेचा ब्लॉक आणि बेळगावचा स्कॅन एका क्रमांकाखाली आणायला कोणत्याही राज्याची हद्द बदलावी लागत नाही. मराठीतून कागद मिळावा म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या झगडलो. तेवढ्याच हट्टानं आपल्या आजाराचा कागद आणि ब्लॉक मागायला आपण का कचरतो?

शेवटचा आक्षेप संमतीचा, आणि तो मला सर्वांत जवळचा आहे. आपल्या माणसांचे तुकडे आणि चित्रं गोळा होतील, परदेशातले संगणक त्यांवर शिकतील, कंपन्या पैसे कमावतील, आणि ज्याचा तुकडा त्याला त्याचा पत्ताही नसेल, ही शंका अगदी रास्त आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आणि २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा कागदावर आहेत. पण खानापूर तालुक्यातला सत्तरीचा शेतकरी इंग्रजी फॉर्मवर सही करतो तेव्हा त्याला कोणी काही समजावून सांगतं का? तो फॉर्म मराठीत आणि कन्नडमध्ये हवा. सही घेण्याआधी तो मोठ्यानं वाचून दाखवायला हवा. तुकडा निदान झाल्यावरही जपला जाईल, तो कोणाला दाखवला जाईल, नाव काढून टाकलं जाईल की नाही, विकला जाणार नाही याची हमी कोण देतं, आणि उद्या मन बदललं तर कुठल्या खिडकीवर जाऊन सांगायचं, हे त्यात साध्या शब्दांत हवं. आणि नकार दिला तरी उपचारात तसूभरही फरक पडणार नाही, हे पहिल्याच ओळीत छापलेलं हवं.